घरच्या ब्रॉडबँडला कोणता राउटर चालेल? पैसे देण्याआधी वायर ओळखा

जून-जुलै आला की जळगाव आणि धुळे जिल्ह्यातल्या वस्त्यांमधून एकच प्रश्न आमच्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "घरी नेट घ्यायचंय, राउटर कोणता घेऊ?" महाविद्यालयाचे प्रवेश, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सीईटीनंतरच्या प्रवेश फेऱ्या, स्पर्धा परीक्षेचे ऑनलाइन वर्ग हे सगळे याच दिवसांत एकावर एक येऊन पडते. मोबाईलचा रोजचा डेटा दुपारीच संपतो. मग घरातले मिळून ठरवतात की एकदाचे ब्रॉडबँड घेऊन टाकू.

इथपर्यंत सगळे ठीक असते. घोळ त्यापुढे होतो. घरातला एखादा हुशार मुलगा मोबाईलवर बघून स्वस्तात मिळणारा 'मॉडेम राउटर' मागवतो. चार दिवसांनी नेट जोडायला माणूस येतो, डबा उलटसुलट करून पाहतो आणि म्हणतो, "हा नाही चालणार." तोवर खोका फोडलेला असतो, परत करायची मुदत संपत आलेली असते. हातावर पोट असलेल्या घरात दीड-दोन हजार रुपये म्हणजे आठवड्याचा किराणा. आणि नवा डबा येईपर्यंत अर्जाची शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही.

आमचे म्हणणे असे की कोणता राउटर चांगला, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचा प्रश्न हा की आपल्या घरात नेट कोणत्या वायरीतून येणार आहे. बाजारातला सर्वात महागडा राउटरसुद्धा चुकीच्या वायरीला लावला तर तो शोभेची वस्तू.

वायर कोणती?

खान्देशात आज घरापर्यंत नेट साधारण चार वाटांनी येते.

पहिली वाट जुन्या लँडलाइनची. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये 'डेटावन' नावाने ब्रॉडबँड सुरू केले ते याच तांब्याच्या दोन तारांवरून. याला एडीएसएल म्हणतात. भिंतीवरच्या फोनच्या सॉकेटमधून येणारी बारीक, फोनलाच लागते तशी पिन हीच तिची खूण. एडीएसएल२+ या सुधारित प्रकाराची कमाल मर्यादाच मुळी २४ एमबीपीएस, तीही टेलिफोन एक्स्चेंज जवळ असेल तर. अंतर वाढत गेले की वेग झपाट्याने पडतो, आणि पाचेक किलोमीटरवर एक-दोन एमबीपीएस मिळाले तरी पुष्कळ. ज्यांच्याकडे अजून अशी जोडणी आहे त्यांनी तिच्यासाठी नवा मॉडेम विकत घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. तेच पैसे फायबरला लावावेत. अगदीच नाइलाज असेल आणि कुणाकडून जुना एडीएसएल मॉडेम मिळाला, तर त्यात बीएसएनएलसाठी व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे दोन आकडे भरावे लागतात. अनेकदा मॉडेम चांगला असूनही केवळ या दोन आकड्यांमुळे नेट लागत नाही.

दुसरी वाट फायबरची. केसासारखी काच, तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरण आणि टोकाला बहुधा हिरवी चौकोनी पिन. बीएसएनएल २०१९ पासून 'भारत फायबर' या नावाने ही सेवा देते. गावोगावी तिचे काम स्थानिक भागीदारांमार्फत चालते, आणि हे भागीदार बहुतेक वेळा आपले नेहमीचे केबलवालेच असतात. जिओ, एअरटेल आणि स्थानिक कंपन्यांचे फायबरही याच जातीचे.

तिसरी वाट फसवी आहे. केबलवाला "फायबर" म्हणूनच विकतो, पण फायबर येते ते गल्लीच्या खांबावरच्या किंवा कुणाच्या गच्चीवरच्या पेटीपर्यंत. तिथे एक स्विच असतो आणि तिथून घरात येते ती साधी लॅन केबल, म्हणजे कॉम्प्युटरला लावतात ती जाड, आठ तारांची. या घराला फायबरचा डबा लागतच नाही. 'वॅन' लिहिलेले एक छिद्र असलेला साधा वायफाय राउटर पुरतो.

चौथी वाट बिनतारी, २०२३ पासून आलेली एअरफायबर. गच्चीवर ५जीचा अँटेना आणि घरात कंपनीचाच डबा. इथे आपल्याला निवडायला काही नाही. फक्त नावात 'फायबर' आहे म्हणून हा डबा उद्या खऱ्या फायबरवर चालेल, असे समजू नये.

एकाच डब्याची तीन नावे

आपल्याकडे दिवे लुकलुकणाऱ्या कुठल्याही डब्याला मॉडेम म्हणतात, राउटर म्हणतात, नाहीतर नुसतेच 'वायफाय' म्हणतात. दुकानदारही तसेच बोलतो. पण कामे वेगळी आहेत. फोनच्या तारेवरचा संकेत कॉम्प्युटरला समजेल असा करणारा तो मॉडेम. काचेतून आलेला प्रकाश विजेच्या संकेतात बदलणारा तो ओएनटी, त्यालाच काही जण ओएनयू म्हणतात. आणि आलेले एक कनेक्शन घरातल्या पाच-सहा मोबाईलना वाटून देणारा तो राउटर. हल्ली एकाच खोक्यात दोन कामे असतात, त्यामुळे गोंधळ वाढला आहे.

खोक्यावरची जाहिरात वाचू नका, डब्याची मागची बाजू बघा. फोनची पिन बसेल असे अरुंद छिद्र असेल तर तो एडीएसएलचा. हिरवे किंवा निळे टोपण लावलेले छिद्र असेल तर तो फायबरचा. फक्त लॅनची छिद्रे असतील आणि त्यातले एक वेगळ्या रंगाचे, 'वॅन' लिहिलेले असेल, तर तो नुसता राउटर. ऑनलाइन दुकानात एडीएसएलचे जुने मॉडेम आजही 'मॉडेम राउटर' या नावाखाली दिसतात आणि स्वस्त असल्यामुळे यादीत वर येतात. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

हिरव्या-निळ्या टोपणाचाही अर्थ आहे. हिरव्या पिनेचे टोक आठ अंशांत तिरके घासलेले असते, निळ्या पिनेचे सरळ. हिरवी पिन निळ्या छिद्रात शिरते, बसतेही, पण काचेला काच नीट टेकत नाही आणि प्रकाश वाया जातो. मग "नेट चालू-बंद होतं" ही तक्रार महिनोन्‌महिने सुटत नाही.

जीपॉन की ईपॉन?

फायबर असेल तर खरा प्रश्न इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

केबलवाल्याच्या किंवा एक्स्चेंजच्या खोलीत ओएलटी नावाचे मोठे यंत्र असते. त्याच्या एका तोंडातून निघालेली एक काच वाटेत स्प्लिटरने फुटते आणि ३२ किंवा ६४ घरांत जाते. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो फक्त प्रकाश वाटतो. म्हणजे तुमच्या गल्लीतली बरीच घरे एकाच काचेवर बोलत असतात. कोणी केव्हा बोलायचे हे ओएलटी ठरवते, आणि ते ठरवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत, जीपॉन आणि ईपॉन. जीपॉनमध्ये त्या सामायिक काचेवरून घराकडे येणारा वेग सुमारे अडीच गिगाबिट, ईपॉनमध्ये सव्वा गिगाबिट. दोन्हींत घरगुती वापर आरामात भागतो. पण एका पद्धतीचा डबा दुसऱ्या पद्धतीच्या ओएलटीशी बोलू शकत नाही. मोठ्या कंपन्या बहुतेक ठिकाणी जीपॉन वापरतात, लहान केबलवाल्यांकडे ईपॉन स्वस्त पडते म्हणून पुष्कळदा तेच असते. 'एक्सपॉन' लिहिलेला डबा दोन्ही पद्धती ओळखतो. स्वतःच डबा घ्यायची वेळ आली तर आमची पसंती यालाच. उद्या केबलवाला बदलला तरी तो उपयोगी पडण्याची शक्यता जास्त.

शक्यता म्हणतो, खात्री नाही. कारण पद्धत जुळली तरी काम संपत नाही. प्रत्येक ओएनटीला एक क्रमांक असतो. जीपॉनमध्ये तो १२ अक्षरांचा असतो, पहिली चार अक्षरे बनवणाऱ्या कंपनीची. हा क्रमांक ओएलटीमध्ये नोंदवल्याशिवाय डबा आत घेतला जात नाही. ईपॉनमध्ये त्याऐवजी मॅक पत्ता नोंदवतात. शिवाय काही ओएलटी आपल्याच कंपनीच्या डब्यांशी सरळ वागतात आणि परक्या डब्यांना अर्धवट स्वीकारतात. दिवा हिरवा लागतो, पण नेट येत नाही. म्हणून डबा घेण्याआधी केबलवाल्याला फोन करून असे विचारा: "भाऊ, तुमची ओएलटी जीपॉन आहे की ईपॉन? कोणत्या कंपनीची आहे? बाहेरचा ओएनटी आणला तर त्याचा नंबर नोंदवून द्याल का? आणि तुमच्या लाईनवर आत्ता चालू असलेलं एखादं मॉडेल सांगा." शेवटचा प्रश्न सर्वात कामाचा. गल्लीत शेजाऱ्याकडे जे मॉडेल वर्षभर निमूट चालले आहे, ते इंटरनेटवरच्या पाच तारांकित अभिप्रायांपेक्षा भरवशाचे.

नोंद झाल्यावर डब्यात पीपीपीओईचे युजरनेम-पासवर्ड भरावे लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी व्हीलॅन क्रमांकही. ही तिन्ही माहिती जोडणीच्या दिवशीच वहीत लिहून घ्या. केबलवाल्याचा मुलगा आपल्या मोबाईलवरून भराभर भरून निघून जातो. पुढे कुणी डबा रीसेट केला की पुन्हा त्याचीच वाट बघत बसावे लागते. हा पासवर्ड, वायफायचा पासवर्ड आणि डब्याच्या सेटिंगचा पासवर्ड हे तीन वेगळे आहेत, हेही लक्षात ठेवा. सेटिंगचा पासवर्ड बहुतेक डब्यांत कारखान्यातून 'अॅडमिन' असाच येतो. तो त्याच दिवशी बदला.

माणूस जोडायला आला की त्याच्याकडच्या मीटरवर प्रकाशाचा आकडा दाखवायला सांगा. डब्याच्या सेटिंगमध्येही तो दिसतो. आकडा उणे असतो. उणे १८ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर उत्तम. नेहमीच्या जीपॉन डब्याची सहनशक्ती उणे २७ पर्यंत धरतात, त्याच्या पलीकडे गेला तर कुठेतरी सांधा खराब आहे किंवा वायर दुमडली आहे. 'लॉस' लिहिलेला दिवा लाल झाला म्हणजे प्रकाशच येत नाही. अशा वेळी राउटर बंद-चालू करून काही होत नाही, दोष वायरीत आहे. काचेची वायर खिळ्याभोवती गुंडाळू नये, दाराच्या फटीत चेपू नये आणि उंदरांच्या वाटेवर सोडू नये.

किती वेगाचा डबा घ्यावा?

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. ३० ते ५० एमबीपीएसची योजना आणि दोन खोल्यांचे घर असेल, तर २.४ गिगाहर्ट्झचा साधा, एका बँडचा डबा चालतो. ऑनलाइन वर्गाला तीन-चार एमबीपीएस पुरतात. १०० एमबीपीएसच्या वरची योजना घेणार असाल तर मात्र दोन गोष्टी पाहा. लॅनची छिद्रे 'गिगाबिट' आहेत का, आणि ५ गिगाहर्ट्झचा बँड आहे का. '१०/१००' लिहिलेल्या छिद्रातून कितीही ओढाताण केली तरी ९५ एमबीपीएसच्या आसपासच वेग मिळतो. २०० ची योजना घेऊन असा डबा लावणे म्हणजे दर महिन्याला निम्मे पैसे सोडून देणे. खोक्यावर '३०० एमबीपीएस' किंवा '१२००' असे जे छापलेले असते तो प्रयोगशाळेतला बेरजेचा आकडा आहे, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. अँटेना चार आहेत की दोन, यावरून काही ठरत नाही. वायफाय ६ चा डबा परवडत असेल तर घ्यावा, पण त्यासाठी कर्ज काढण्यासारखे त्यात काही नाही.

आपली घरे, आपले ऊन

राउटरची माहितीपत्रके डोळ्यांसमोर फ्लॅट ठेवून लिहिलेली असतात. आपल्याकडे धाब्याची घरे आहेत, मातीच्या जाड भिंती आहेत, पत्र्याचे छत आणि पत्र्याचीच आडभिंत आहे. ५ गिगाहर्ट्झचा संकेत वेगवान पण नाजूक, जाड भिंतीपलीकडे तो फिका पडतो. २.४ मंद पण चिवट. पत्रा दोघांनाही अडवतो. म्हणून डबा जिथे अभ्यास होतो त्या खोलीत, छातीच्या उंचीवर, लोखंडी कपाटापासून दूर ठेवावा. दाट वस्तीत प्रत्येक घराचा २.४ एकमेकांवर आदळतो. सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो निवडला की पुष्कळ फरक पडतो. हे फुकट आहे, आणि नवा राउटर घेण्याआधी करून पाहावे.

उन्हाचे तर विचारूच नका. बहुतेक घरगुती डब्यांच्या कागदावर चालण्याचे तापमान ० ते ४० अंश लिहिलेले असते. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. दुपारी नेट हळू होते, डबा आपोआप बंद-चालू होतो, आणि दोष कंपनीला दिला जातो. डबा माळ्यावरून खाली आणा, टीव्हीवर ठेवू नका, त्यावर कापड घालू नका. हार आणि फोटोसुद्धा त्याच्यावर ठेवू नये.

विजेचे तसेच. वीज गेली की ऐन परीक्षेत नेट जाते. यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो साधारण हजार-दीड हजारात येतो आणि दोन-तीन तास चालतो. घेताना अॅडॅप्टरवरचा आकडा बघा. बहुतेक डबे १२ व्होल्टचे, काही ९ किंवा ५ व्होल्टचे. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, अँपिअर डब्याला लागतात तितके किंवा जास्त हवेत. अॅडॅप्टर नवा घ्यावा लागला तर बीआयएसची खूण असलेला घ्या. मात्र यूपीएस घेण्याआधी एक गोष्ट तपासा. जीपॉन-ईपॉनच्या वाटेवर वीज लागत नाही, त्यामुळे केबलवाल्याच्या खोलीत बॅटरी असेल तर तुमचे नेट चालू राहील. पण वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारात खांबावरच्या स्विचला वीज लागते. गल्लीची वीज गेली की तो झोपतो आणि घरातला यूपीएस नुसता दिवे लावत बसतो. अशा ठिकाणी केबलवाल्यालाच सगळ्या गल्लीने मिळून "काच थेट घरापर्यंत आण" असा आग्रह धरावा.

विहारातल्या अभ्यासिकेसाठी

अनेक गावांत विहारात किंवा समाजमंदिरात अभ्यासिका चालतात आणि तिथे एकच कनेक्शन २०-२५ जण वापरतात. तिथे एका बँडचा स्वस्त डबा कोलमडतो. दोष इंटरनेटच्या वेगाचा नसतो, एवढ्या मोबाईलना एकाच वेळी सांभाळणे त्या डब्याला जमत नाही. तिथे दोन बँडचा, गिगाबिट छिद्रांचा चांगला राउटर घ्यावा आणि कॉम्प्युटर असतील ते लॅन वायरीने जोडावेत, म्हणजे वायफायवरचा भार हलका होतो.

आणि कार्यकर्त्यांच्या घरी धूळ खात पडलेले जुने एडीएसएल मॉडेम फेकू नका. त्यातला वायफायचा भाग चालू असतो. सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर बदलून १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा, आणि मुख्य डब्याच्या लॅन छिद्रातून एक वायर काढून या जुन्या डब्याच्या लॅन छिद्रात लावा. फोनच्या छिद्राला हात लावायचा नाही. दुसऱ्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर रेंज पोहोचवायला हा उपाय जवळपास फुकटात होतो. मुख्य डब्याचा पत्ता वेगळ्या मालिकेतला, म्हणजे १९२.१६८.०.१ वगैरे असेल, तर त्याच मालिकेतला मोकळा क्रमांक द्या. वेग १०० च्या आतच राहील, पण वाचनासाठी आणि व्याख्याने पाहण्यासाठी तेवढे पुरे. डबा डब्ल्यूपीए२ ओळखत नसेल, फक्त जुने डब्ल्यूईपी असेल, तर मात्र तो खरोखर भंगारात द्यावा. ते कुलूप आता कोणीही सहज उघडतो.

कनेक्शन कुणाच्या नावावर आहे हेही बघा. पुष्कळ ठिकाणी ते एखाद्या कार्यकर्त्याच्या आधार कार्डावर असते. त्या कनेक्शनवरून कुणी काही गैर केले तर पहिली चौकशी त्याचीच होते. नोंदणीकृत संस्था असेल तर संस्थेच्या नावे घ्या, वायफाय बिनपासवर्ड ठेवू नका आणि पासवर्ड दर महिन्याला बदला. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठीच वायफाय खुले करायचे असेल, तर केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत त्याची रीतसर वाट आहे. तिच्यात वेगळा परवाना लागत नाही.

कंपनीचाच डबा असेल तर

जिओ आणि एअरटेलच्या फायबरला डबा कंपनीच देते, आणि आपण आणलेला ओएनटी ती सहसा लावून देत नाही. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. रेंज कमी पडत असेल तर त्यांच्या डब्याला लॅन वायरीने आपला साधा राउटर जोडा आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेस पॉइंट' हा पर्याय निवडा. बीएसएनएल आणि स्थानिक केबलवाल्यांकडे बहुधा दोन्ही पर्याय असतात, भाड्याचा डबा किंवा स्वतःचा. वर्षभराचे भाडे आणि डब्याची किंमत कागदावर मांडून पाहा. वर्ष-दीड वर्षात किंमत वसूल होत असेल तर विकत घ्यावा. पण वरचेवर घर बदलणाऱ्या भाडेकरूने भाड्याचाच ठेवलेला बरा, कारण बिघडला तर बदलून देणे त्यांच्यावर असते.

जुन्या बाजारातून किंवा मोबाईलवरच्या जाहिरातीतून कंपनीचे नाव छापलेला ओएनटी स्वस्तात मिळतो, तो घेऊ नये. त्यातले सॉफ्टवेअर त्या कंपनीपुरते बांधलेले असते, आणि बहुतेक वेळा तो डबा मुळात विकणाऱ्याच्या मालकीचाच नसतो.

अनामत भरली असेल तर तिची पावती आणि डब्याच्या खालच्या स्टिकरचा फोटो एकत्र जपून ठेवा. कनेक्शन बंद करताना डबा आणि अॅडॅप्टर परत दिल्याची पोच सही-तारखेसह घ्या, तोंडी "हो भाऊ, मिळालं" यावर विसंबू नका. अनामत परत आली नाही किंवा बिघाडाची दखल घेतली गेली नाही, तर कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक मागा. तो त्यांनी दिलाच पाहिजे. तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, आणि तिथे पहिल्यांदा विचारला जातो तो हाच डॉकेट क्रमांक.